बातम्या द्यायच्या नाहीत, मग माइकवर बोलायचं काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरापुरत्या चालवलेल्या छोट्या रेडिओवर, रोज सकाळी एक तास तुला मिळालाय. अर्धा तास गावातल्या कुणाची तरी मुलाखत आणि उरलेल्या वेळात गावाकडच्या हलक्याफुलक्या बातम्या, असं ठरलंय. पण पाहुणे एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसतात. 'आपल्याला बातम्या देता येत नाहीत' असं मॅनेजर म्हणतात. शिवाय स्वतःचा आवाज तुला आवडत नाही. तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते. असल्याच एका छोट्या स्टेशनवर पंधराएक वर्षं सकाळ काढली आहे, त्यातून जे कळलं ते सांगते.

मॅनेजरचं म्हणणं आधी निकालात काढू. ते अर्धं बरोबर आहे. कम्युनिटी रेडिओला राजकीय स्वरूपाच्या बातम्या आणि चालू घडामोडी स्वतः तयार करून देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येतं, तेवढंच. पण सरकारच्या ज्या मार्गदर्शक तत्त्वांत ही बंदी आहे, त्यांतच पुढे एक यादी आहे, ती बहुतेक जण वाचत नाहीत. खेळांच्या स्पर्धांची माहिती, वाहतूक, हवामान, सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर, नोकरीच्या संधी, आणि स्थानिक प्रशासनाकडून आलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांच्या सूचना. हे सगळं 'बातमी' धरलं जात नाही, म्हणजे बिनधास्त देता येतं. आता ही यादी हातात धरून गावातून एक चक्कर मार आणि बघ, काय उरलं? सरपंच कुणाचा, कोण कुणाच्या गटात गेलं, एवढंच ना? ते पारावर कळतंच, त्याला रेडिओ कशाला हवा.

सीमा कुठे आहे ते पाण्यावरून समजून घे. 'पाइपलाइन फुटलीय, उद्या खालच्या आळीला पाणी येणार नाही, असं ग्रामपंचायतीने कळवलंय' हे चालतं. 'पाइपलाइन वर्षात चौथ्यांदा का फुटली आणि याला जबाबदार कोण' इथे तू चालू घडामोडींत शिरलीस. मला स्वतःला ही बंदी पटत नाही. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं, २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना असे रेडिओ काढायची परवानगी मिळाली, आणि तरीही गावाला स्वतःच्या गावाची बातमी आपल्या तोंडाने सांगता येत नाही. असो. नियम आहे तोवर पाळायचा. परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि तुझ्या एका जोशात सगळ्यांचं काम बंद पडू शकतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुझा ट्रान्समीटर. आपल्याला १०० वॅटची मर्यादा, मनोरा जास्तीत जास्त ३० मीटरचा. सपाटीला आवाज दहाएक किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की तिथेच अडतो. लोक याला कमीपणा समजतात. तू मात्र असं बघ: ज्याच्याविषयी तू बोलतेस तो माणूस त्याच क्षणी ते ऐकतोय, आणि दुपारी तो तुला एसटी स्टँडवर भेटणार आहे. मोठ्या शहराच्या चॅनेलवर बोलणाऱ्याला ही धास्ती नसते. मुलाखत कशी घ्यायची आणि बातमी कशी सांगायची, हे दोन्ही मी या धास्तीतूनच शिकले.

आता मुलाखत. पाहुणा एका वाक्यात का उत्तर देतो? कारण आपला प्रश्न एका वाक्याचा असतो. 'कसं वाटतंय?' विचारलं की 'बरं वाटतंय' याखेरीज माणूस काय म्हणणार? 'श्रोत्यांना काय संदेश द्याल?' हा प्रश्न तर कायमचा टाकून दे. हा ऐकला की भला माणूससुद्धा भाषण ठोकायला लागतो.

माझी फजिती ऐक. सुरुवातीच्या दिवसांत बाजारात बांगड्या भरणाऱ्या एका कासारीण आजींची मुलाखत घ्यायला गेले. विचारलं, 'बांगड्यांच्या व्यवसायाविषयी आपण काय सांगाल?' त्या म्हणाल्या, 'काय सांगायचं, चाललंय.' पुढचे चार प्रश्नही असेच वाया गेले. शेवटी कंटाळून रेकॉर्डर बाजूला ठेवला, हात पुढे केला आणि सहज विचारलं, 'मला किती माप लागेल हो?' आजींनी हात नुसता धरला आणि म्हणाल्या, 'दोन-सहा.' मी म्हटलं, मनगट तर बघितलंच नाहीत! 'मनगाट कोण बघतंय? अंगठ्याच्या बुडाचं हाड बघायचं. मनगाटात काय, समदं मावतंय. अडतंय ते हितं.' मग कुठला हात मऊ, कुठला राबलेला, नव्या नवरीचा हात कसा आवळून येतो, माहेरवाशीण आली की ती हातावरून कशी कळते, सगळं निघालं. वीस मिनिटं बोलत होत्या. रेकॉर्डर बंद होता हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, 'काल सांगितलं की सगळं.'

त्या एका सकाळीत दोन धडे होते. पहिला, माणसाला त्याच्या 'व्यवसायाविषयी' विचारू नकोस, त्याच्या हाताला काय कळतं ते विचार. गवंड्याला ओळंब्याविषयी, टेलरला कापड कापताना कधी चुकलं त्याविषयी, एसटीच्या वाहकाला सुट्ट्या पैशांविषयी. दुसरा, चांगली गोष्ट माणूस एकदाच चांगली सांगतो. म्हणून चहा पिताना सगळं काढून घेऊ नये. पाहुणा रंगात येतोय असं दिसलं की 'थांबा, हे मशीन चालू करून ऐकते' म्हणायचं. आणि मशीन त्याला सांगूनच चालू करायचं. चोरून केलेलं रेकॉर्डिंग दहा किलोमीटरच्या मुलखात लपत नाही.

माइक दिसला की आपल्याकडची माणसं एकदम पुस्तकी बोलू लागतात. घरात 'गेल्तो' म्हणणारा माणूस 'आम्ही त्या ठिकाणी गेलो असता' म्हणतो. याला एक हमखास इलाज आहे. त्याला दुसऱ्याचं बोलणं सांगायला लाव. 'तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या?' 'मुकादम काय बोलला?' सासूबाईंचं बोलणं पुस्तकी भाषेत सांगताच येत नाही. एकदा सासूबाई आल्या की बोली आपसूक येते आणि मग जात नाही. तूही स्वतःच्या बोलीत विचार. आपल्या रेडिओवर निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवेत असा नियमच आहे. तो सहभाग आवाजापुरता नको, भाषेतही दिसू दे.

म्हाताऱ्या माणसांना सालं विचारू नकोस. त्यांची सालं वेगळी असतात. 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?' विचार, की दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी निघेल, रेशनची मिलो, म्हणजे लाल ज्वारी, निघेल, खडी फोडायला आई कुठे जायची ते निघेल. कोयना, पाटणकडची माणसं ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून मोजतात, लातूरकडची ३० सप्टेंबर १९९३ पासून. अशा आठवणी निघाल्या की घाई करू नये. माणूस थांबला तर मनात पाच आकडे मोज आणि गप्प बस. नव्या निवेदकाला शांततेची फार भीती वाटते, तो लगेच पुढचा प्रश्न टाकतो, आणि सांगणाऱ्याच्या ओठावर आलेलं आत परत जातं.

हुंकाराचं मात्र उलटं. आपल्याकडे हुंकारा दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आजीने सवयच लावलेली असते. रेडिओवर तोच हुंकार गोष्टीच्या आड येतो. माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहुण्यापेक्षा माझं 'हं... बरं... अगदी अगदी' जास्त ऐकू येतं. ते पाहुण्याच्या शब्दांवर चढलेलं असतं, म्हणून नंतर कापताही येत नाही. मान हलव, डोळे मोठे कर, काहीही कर, फक्त तोंड मिटून कर.

बायकांच्या मुलाखतीत हटकून येणारी अडचण: प्रश्न तिला आणि उत्तर नवऱ्याचं. त्याला 'तुम्ही गप्प बसा' म्हणता येत नाही, घर त्याचं असतं. मी त्याला काम देते. 'भाऊ, बाहेर ट्रॅक्टर येतोय का बघता का? आवाज आला तर रेकॉर्डिंग वाया जाईल.' भाऊ मोठ्या जबाबदारीने फाटकात उभे राहतात. एका घरी तर त्यांनी येणारे-जाणारे दोन ट्रॅक्टर थांबवून ठेवले होते.

यंत्राचं थोडक्यात. माइक तोंडापासून एक वीत, आणि समोर न धरता जरा कडेला. नाहीतर प, फ, भ आले की फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. मोबाइलवर रेकॉर्ड करत असशील तर आधी फ्लाइट मोड. पंखा, टीव्ही, फ्रिज बंद करायला लाजू नकोस, फक्त निघताना फ्रिज आठवणीने चालू कर. शेतात वारा असेल तर माइकवर मोजा चढव, धुतलेला. मुलाखत संपल्यावर तीस सेकंद कुणीही न बोलता त्या जागेचा नुसता आवाज घे. ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, जोडकाम करताना सांधे झाकायला तोच उपयोगी पडतो. कासारीण आजींकडे मी तिसऱ्यांदा गेले ती फक्त बांगड्यांचा आवाज घ्यायला. आणि अर्धा तास सलग मुलाखत लावू नकोस. सकाळी लोक चुलीपाशी, गोठ्यात, रस्त्यात असतात. आठ-दहा मिनिटांचे तुकडे कर, बाकीचं उद्या.

दुकानदारांपासून जरा जपून. 'माझी पण मुलाखत घ्या की' म्हणणाऱ्याला बहुधा दुकानाचं नाव पाच वेळा यायला हवं असतं. त्याला हसून जाहिरातीचा फॉर्म दे. तासाला १२ मिनिटं जाहिरातीला परवानगी आहे, तिथे त्याने खुशाल नाव घ्यावं.

आता हलक्याफुलक्या बातम्या. त्या मिळतात सकाळी दूध डेअरीवर, दुपारी पिठाच्या गिरणीत आणि घरोघर फिरणाऱ्या आशाताईंकडे, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडे. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली बातमी मी बातमी धरतच नाही, कुणाला फोन करायचा त्याची ती खूण असते.

सांगायची कशी? आपल्यावर वर्तमानपत्राच्या आतल्या पानाचे फार संस्कार आहेत. 'सदर', 'संपन्न', 'उत्साहात', 'मान्यवरांच्या शुभहस्ते' हे शब्द माइकवर आले की ऐकणारा कान मिटतो. समज, चिठ्ठी आली: 'जिल्हा परिषद शाळेत वृक्षारोपण कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.' यात बातमी कुठे आहे? शाळेत फोन कर. मग ती अशी होईल: 'शाळेत काल अकरा रोपं लावली. गेल्या वर्षीच्या दहातली सात जगली. तीन शेळीने खाल्ली. यंदा कुंपणाचं काम त्या शेळीच्या मालकानेच अंगावर घेतलंय.' चार वाक्यं, एकेका दमात बसणारी. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघ. मध्येच श्वास घ्यावा लागला तर तिथे तोड. आकडे कमी ठेव. आणि गावांची, माणसांची नावं त्याच गावच्या माणसाला विचारून म्हण. आपल्या च, ज, झ चे दोन-दोन उच्चार, लिहिलेल्या चिठ्ठीवरून कळत नाहीत. गावाच्या नावातला ज चुकला की त्या गावाने तुझा रेडिओ बंद केला म्हणून समज.

हसायचं कुणावर, हे ठरवून घे. वर शेळी आहे म्हणून हसता येतं, आणि तिचा मालक स्वतः कुंपण घालतोय म्हणून तोही हसतो. आम्ही एकदा स्वतःचीच फजिती करून घेतली. एका बाईंची म्हैस चुकली होती. वर्णन, खुणा, फोन, सगळं सांगितलं. सुचना कधी थांबवायची हे मात्र कुणी लिहिलं नव्हतं. म्हैस त्याच संध्याकाळी आपली आपण घरी आली, आणि आम्ही तीन दिवस रोज ती हरवल्याचं सांगत राहिलो. ऐकणारे चांगले. त्यांनी शोधून शोधून दोन परक्या म्हशी आणि एक रेडकू बाईंच्या दारात आणून बांधलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सुचनेच्या चिठ्ठीवर 'कधीपर्यंत' असा रकाना आहे. ही गोष्ट आम्ही हवेवर सांगितली, बाईंना विचारून, आणि लोक आजही विचारतात, म्हैस बरी आहे का?

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. शुभेच्छांच्या पेटीत एक चिठ्ठी आली, एका मुलीचं आणि एका मुलाचं नाव, साखरपुड्याचं अभिनंदन. मी वाचली. साखरपुडा झालाच नव्हता, कुणीतरी खोडी काढली होती. दुपारी मुलीचे वडील स्टेशनवर आले. ओरडले नाहीत, खुर्चीवर नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली, तीही नावं न घेता, कारण नाव पुन्हा घेतलं तर तेच पुन्हा पसरलं असतं. पण माफीने काही परत येत नाही. आता साखरपुडा, लग्न, बाळंतपण, पेढे, कुठलीही चिठ्ठी असो, घरातल्या मोठ्या माणसाला फोन केल्याशिवाय आमच्याकडे वाचली जात नाही. वयोवृद्धांच्या वाढदिवसाचा फोन त्याच सकाळी करायचा, आदल्या दिवशी नाही. का ते तुला समजेल. कुणाचं आजारपण, कुणाचे कमी मार्क, कुणाचं कर्ज, हे कितीही मजेशीर रंगवता येत असलं तरी घ्यायचं नाही.

आणखी एक करून बघ. महिनाभराच्या शुभेच्छा आणि बातम्या वहीत लिहून काढ आणि प्रत्येकीपुढे वस्तीचं नाव टाक. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा लाज वाटली. देवळाजवळच्या दोन आळ्यांची नावं पानभर, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचं एकही नाही. त्यांच्याकडे वाढदिवस होत नव्हते असं थोडंच आहे? चिठ्ठीची पेटी स्टेशनच्या दारात होती, आणि स्टेशन देवळाजवळ. आम्ही दुसरी पेटी ओढ्यापलीकडच्या अंगणवाडीत ठेवली. पहिल्या आठवड्यात तिच्यात फक्त गोळ्यांचे कागद निघाले, नंतर चिठ्ठ्या यायला लागल्या.

ऐकणाऱ्यांनी उलट बोलावं ही काही आपली नवी कल्पना नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे गट बसवले होते. ते कार्यक्रम एकत्र ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि शंका केंद्राकडे पाठवायचे. आज तुझ्याकडे फोन आहे, व्हॉइस मेसेज आहेत. रोज एक तरी श्रोत्याचा आवाज तुझ्या तासात येऊ दे, भले तो तुझी चूक दाखवणारा असो. आणि जमेल तेव्हा दुसऱ्या कम्युनिटी रेडिओंचंही ऐक, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जालिहाळची येरळावाणी, बारामतीची शारदा कृषी वाहिनी. प्रत्येकीची बोली वेगळी आहे, चालही वेगळी.

स्वतःच्या आवाजाचं मनावर घेऊ नकोस. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानात येतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ते हाड नसतं. तुझा जो आवाज तुला परका वाटतो, तोच सगळ्या गावाला ओळखीचा आहे. पंधरा दिवस रोज आपला कार्यक्रम ऐक, सवय होते. मला झाली, आणि माझा आवाज तर घोगरा आहे.

राहता राहिली साठवण. प्रसारित केलेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. पण म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती तीन महिन्यांनी पुसायच्या नसतात. प्रत्येक फाइलला तारीख, गाव आणि विषय लिही. 'न्यू रेकॉर्डिंग ४७' मध्ये काय आहे ते पुढच्या वर्षी तुलाही आठवणार नाही. मॅनेजरना विचार, जुन्या फाइली कुठे आहेत. 'कॉम्प्युटरवर आहेत की' असं उत्तर आलं, तर पहिल्या मुलाखतीला जायच्या आधी त्यांच्याकडून एक वेगळी हार्ड डिस्क मागून घे.